दोनशे छप्पन पत्रकं

बाबा नगरसेवकपदासाठी उभे राहणार, हे मला मतदारयादीमुळे कळलं. एका शनिवारी त्यांनी यादीची छापील प्रत जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुला मोजता येतं. मोज."

आमच्या प्रभागात एक हजार नऊशे चाळीस मतदार होते. जुन्या वस्तीत अकराशे, बैठ्या बंगल्यांच्या रांगेत तीनशे चाळीस, आणि नव्या रस्त्यापलीकडच्या चार टॉवरमध्ये पाचशे. मी पट्टी आणि पेन घेऊन बसले. वारलेल्या आणि घर सोडून गेलेल्या लोकांच्या नावांवर रेघ मारत गेले. अनुक्रमांक चारशे सतरावर आई होती. पट्टी ठेवली, रेघ मारली, चारशे अठराकडे वळले. रेघ सरळ आली होती, हे मला आठवतं. दुसरं काही आठवत नाही.

आई दहा महिन्यांपूर्वी त्या नव्या रस्त्यावर गाडीखाली गेली. ती पडदे शिवायची. टॉवर उभे राहिले तसं तिचं काम वाढलं, कारण नव्या घरात माणसं आधी पडदे लावतात, मग शेजाऱ्यांशी बोलतात. ती रोज रस्ता ओलांडायची. रस्ता सहा पदरी, सिग्नल नाही. पांढरे पट्टे आहेत, पण गाड्यांना ती नक्षी वाटत असावी. बाबांना निवडून येऊन एवढंच करायचं होतं, तिथे सिग्नल बसवायचा. त्यांच्या पत्रकावर फोटोखाली एकच ओळ होती: नव्या रस्त्यावर सिग्नल.

"अजून दोन-चार गोष्टी घाल की," आत्या म्हणाली. "बाग घाल, गटार घाल. लोकांना वाटलं पाहिजे, हा माणूस रिकामा नाही."

"मला बागेतलं काही कळत नाही," बाबा म्हणाले.

आत्या बाबांची धाकटी बहीण. आई गेल्यावर पंधरा दिवसांसाठी आली आणि राहिली. प्रचाराची सूत्रं तिने कुणी न देताच हातात घेतली.

बाबांनी अडतीस वर्षं विजेची मीटरं वाचली. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, तरी सगळे त्यांना मीटरकाका म्हणतात. त्यांना माणसं नावाने आठवत नाहीत, युनिटांनी आठवतात. "कोपऱ्यावरची ती, महिना चाळीस युनिट, एकटी राहते." किंवा, "त्यांच्याकडे तीनशे वीस जातं, घरात कुणीतरी आजारी आहे." मी हे सगळं वहीत उतरवून घ्यायचे आणि नावापुढे खूण करायचे: देणार, नाही देणार, नक्की नाही. दिवसा मी रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत रंगाचा दाटपणा मोजते. संध्याकाळी मतं मोजायला लागले. दोन्हींत फारसा फरक वाटला नाही.

पहिल्या दिवशी बाबा सवयीने घरांच्या मागच्या बाजूला गेले, कारण जुन्या वस्तीत मीटर मागच्या भिंतीवर असतात. आत्याने बाही धरून त्यांना पुढे आणलं.

"दादा, मतं मागायला पुढच्या दाराने जातात. मागच्या दाराने एक चोर जातो, नाहीतर तू."

बाबा पुढच्या दारात आले, पण नजर भिंतीकडेच होती.

जुनी वस्ती आम्ही तिघांनी मिळून केली. मग मला कारखान्यातून सुट्टी मिळेना आणि आत्याचा गुडघा सुजला. बाबा एकटेच टॉवरकडे गेले. संध्याकाळी परत आले ते पिशवी रिकामी करून.

"किती झाली?" मी विचारलं.

"सगळी. दोनशे छप्पन. एकही घर सोडलं नाही."

मी लिहून घेतलं. टॉवरमध्ये पत्रक पोचलेल्यांपैकी निम्मे आपल्याला मत देतील असं धरलं, कारण बंगल्यांत साधारण तसंच दिसत होतं. अकराशेच्या आसपास मतदान होईल, त्यातली पाचशे सत्तर आपली, अधिक-उणे चाळीस.

"हे अधिक-उणे काय?" बाबांनी विचारलं.

"चाळीस इकडे किंवा चाळीस तिकडे."

"इकडेच धर," आत्या म्हणाली. "तिकडे धरायला आपण काय येडे आहोत?"

विरुद्ध उमेदवार एकच होते, चौकातले औषधांच्या दुकानाचे मालक. अर्ज मागे घ्यायची मुदत शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत होती. गुरुवारी संध्याकाळी ते आमच्या घरी आले. दारात चपला काढून त्या सरळ लावून ठेवल्या. आईची औषधं त्यांच्याकडूनच यायची.

"काका, स्पष्ट बोलतो," ते म्हणाले. "तुम्ही अर्ज मागे घ्या. मी पहिल्याच सभेत सिग्नलचा विषय मांडतो. कागदावर लिहून देतो. मला बाकीची कामं करायची आहेत, तुम्हाला हे एकच करायचंय. आपण भांडायचं कशाला?"

त्यांनी खरोखरच कागद आणला होता. खाली सही केलेली होती. बाबांनी तो दोनदा वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

"तुझा आकडा काय?"

"पाचशे सत्तर. अधिक-उणे चाळीस."

"आणि जिंकायला?"

"साडेपाचशे."

बाबांनी कागदाची घडी घालून परत दिली. "पोरगी मोजून सांगते," ते म्हणाले. "दुसऱ्याला सांगून करण्यापेक्षा मी स्वतःच करीन. हिच्या आईसाठी तेवढं मला करू दे."

औषधवाल्यांनी चहा संपवला. "बघा, आकड्यांचं काही खरं नसतं, काका."

"हिच्या आकड्यांचं असतं," बाबा म्हणाले.

शुक्रवारचे तीन वाजले तेव्हा मी रंगाच्या एका डब्याचं तापमान घेत होते. पंचवीस अंश. बरोबर होतं.

रविवारी एका बाईंचा फोन आला. तिसऱ्या टॉवरमधल्या. दहा महिन्यांपूर्वी त्यांनी पडद्याचं कापड आईकडे दिलं होतं. मागायला संकोच वाटतोय, म्हणाल्या, पण तसं कापड आता मिळत नाही. आईच्या शिवणाच्या कपाटात ते सापडलं, चिठ्ठी लावलेलं. अर्धं कापून झालं होतं. मी पोचवायला गेले.

निघताना मी म्हटलं, "येत्या रविवारी मतदान आहे. बाबा उभे आहेत."

"हो का?" त्या म्हणाल्या. "आम्हाला काहीच कळलं नाही."

"पत्रक मिळालं असेल ना?"

"नाही बाई."

मी समोरच्या दारावर विचारलं. नाही. खालच्या मजल्यावर तीन दारं वाजवली. तिथेही नाही. खाली आल्यावर पहारेकऱ्याला विचारलं, बाबा आले होते का.

"मीटरकाका? आले होते की," तो म्हणाला. "मीटररूमची किल्ली मागितली. मी म्हटलं, काका, निवृत्ती मानवत नाही वाटतं. तासभर होते आत."

मी किल्ली घेतली. मीटररूम तळघरात आहे. दिवा लावला. भिंतीवर आठ रांगा, रांगेत आठ मीटर. प्रत्येक मीटरच्या मागे एक पत्रक खोचलेलं होतं, वरचा कोपरा दुमडून, म्हणजे ओढायला सोपं जावं. चौसष्ट. सगळ्यांवर बाबा समोर बघत होते. बाकीचे तीन टॉवरही मी पाहिले. प्रत्येकी चौसष्ट. त्या खोल्यांत महिन्यातून एकदा मीटर वाचणारा जातो, बाकी कुणी नाही. मी त्या पत्रकांसमोर उभी राहिले. काही वाटेल म्हणून थोडं थांबले. मग पत्रकं काढून चाळीस-चाळीसचे गठ्ठे केले.

घरी ते टेबलावर ठेवले. बाबांना लगेच कळलं नाही.

"ही तर वाटलेली."

"ही मीटररूममध्ये होती, बाबा."

"मग? प्रत्येक घराचं एक." ते गठ्ठ्यांकडे बघत राहिले. "मीटर म्हणजे घरच की. मी टॉवरमध्ये कधी वर गेलोच नाही. चौसष्ट घरं त्या एका खोलीत असतात."

आत्याने एक गठ्ठा उचलून परत ठेवला. म्हणाली, "त्या माणसाचा कागद घडी घालून परत दिलास, दादा. हातचं सोडून पळत्याच्या मागे."

"बाबांची चूक नाही," मी म्हटलं. "मी किती ते विचारलं. कुठे, ते विचारलंच नाही."

एक आठवडा उरला होता. आम्ही रोज संध्याकाळी सहा ते साडेआठ टॉवर करायला लागलो, लोक कामावरून परत यायच्या वेळेला. बाबा घंटी वाजवून दारापासून तीन पावलं मागे सरकायचे. काय बोलायचं ते त्यांना सुचायचं नाही. पण काही दारांत बाया म्हणायच्या, "पडदेवाल्या ताईंचे तुम्ही?" आणि आत बोलवायच्या. बाबा बसायचे आणि पडद्यांकडे बघायचे. आईची शिवण त्यांना ओळखता यायची, हे मला माहीत नव्हतं. एका घरात त्यांनी उठून पडद्याची खालची दुमड दोन बोटांत धरली आणि सोडून दिली. मी त्या घरापुढे "देणार" अशी खूण केली. एकूण एकशे एकोणीस घरं झाली. बाकीची बंद होती किंवा वेळ संपला.

मतदान एक हजार अठ्ठ्याऐंशी झालं. औषधवाल्यांना पाचशे शहात्तर, बाबांना पाचशे बारा. चौसष्टने हरलो, एका टॉवरच्या मीटरांइतक्या मतांनी. माझ्या अधिक-उणेच्याही अठराने खाली. बाबांनी आकडा पत्रकाच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतला, जसं ते रीडिंग लिहायचे, शून्य लावून चार अंकी.

दोन आठवड्यांनी आम्ही दोघं औषधांच्या दुकानात गेलो. मालकांनी गिऱ्हाईक बाजूला करून आम्हाला आत खुर्च्या दिल्या.

"काका, मी खोटं बोलणार नाही," ते म्हणाले. "तेव्हा सोपं होतं. प्रचारात टॉवरवाल्यांना शब्द दिलाय, तळघरात पाणी साचतं ते आधी. सिग्नल पुढच्या वर्षी बघू. आणि त्याला वाहतुकीची मोजणी लागते, सात दिवसांची. पालिकेकडे माणूस नाही. त्याशिवाय विषय पटलावरच येत नाही."

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते दुकानाच्या मीटरकडे बघत होते.

"मोजणी आणली तर या वर्षी येईल?" मी विचारलं.

"आणली तर मांडीन. तेवढं नक्की."

"मग मी आणते."

मी कारखान्यातून आठवड्याची रजा घेतली. सकाळी साडेसात ते साडेनऊ, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, टॉवरच्या बाजूला दिव्याच्या खांबापाशी घडीचं स्टूल टाकून बसायचे. तिथून दोन्ही दिशा दिसतात. दर पंधरा मिनिटांना एक ओळ: मोटारी, दुचाकी, जड वाहनं, ओलांडणारे. शेवटच्या रकान्याशेजारी आणखी एक आकडा, ओलांडायला किती थांबावं लागलं ते सेकंदांत. तो कुणी मागितला नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास बाबा पलीकडच्या कडेला दिसले. हातात थर्मास होता. त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं. मी घड्याळाची कळ दाबली.

ते पट्ट्यांच्या टोकाला उभे राहिले. दोनदा एक पाऊल पुढे टाकून मागे घेतलं. एक ट्रक गेला, मग बरीच वाहनं, मी ती मोजली. मग मधे जागा झाली आणि ते निघाले, थर्मास छातीशी धरून, डावीकडे बघत, मधल्या दुभाजकापासून उजवीकडे बघत. आईही असंच ओलांडत असणार, हे माझ्या डोक्यात आलं आणि गेलं. ते माझ्यापाशी पोचले.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोनशे वीस सेकंद."

"माझं नाही. एकूण."

"आज सकाळपासून पाच. तुम्ही पाचवे."

त्यांनी झाकणात चहा ओतला आणि माझ्या बाजूला धरला. मी आधी नोंद केली. चार उभ्या रेघा होत्या. बाबांची पाचवी, म्हणून ती त्या चौघींवरून तिरकी मारावी लागली.