बर्फाच्या टेम्पोचा आलेख

माझ्या थोरल्या दिरांना काही कळत नाही याचं मला दुःख नाही. आपल्याला सगळं कळतं असं त्यांना वाटतं, त्याचा उबग आलाय. आमचा बर्फाचा कारखाना तेच चालवतात. टेम्पोवर त्यांनी त्याच्या फेऱ्या टिपणारं यंत्र बसवलं, आणि तेव्हापासून त्यातून निघणारे आलेख छातीशी धरून हिंडतात.

त्या दिवशी मासळी बाजारातून तक्रार आली, लाद्या अर्ध्या वितळून पोचल्या. टेम्पो चालवणारा माझा धाकटा भाऊ. मीच शब्द टाकून त्याला कामाला लावलं होतं. दिरांनी आम्हा सगळ्यांना ऑफिसात बोलावलं, आलेख भिंतीवर चिकटवला आणि निकालच देऊन टाकला.

"ही रेघ बघा. आधी चढली, मग आडवी, पुन्हा चढली. आणि इथून जी घसरली ती थेट शून्यावर! वेगच नाही म्हटल्यावर बर्फ वितळणारच. उद्यापासून येऊ नकोस."

"शपथ सांगतो, दादा, वाटेत कुठेही थांबलो नाही," भाऊ म्हणाला.

आमचे हे नखं कुरतडत बसले होते. थोरल्या भावापुढे यांचं तोंड कधी उघडलंय? शेवटी मीच उठले. मी शाळेत विज्ञान शिकवते. असली अक्कल रोज तपासते, पण ती निदान तेरा वर्षांची असते.

"भावोजी, उभ्या बाजूला काय लिहिलंय ते वाचा तरी. कारखान्यापासूनचं अंतर! वेग नव्हे. रेघ चढते तेव्हा टेम्पो लांब चाललाय, उतरते तेव्हा परत येतोय. हे वरचं बोथट टोक म्हणजे बाजार. आणि तुमचं ते शून्य म्हणजे आपलं फाटक. उतरण किती उभी आहे बघा. रेघ जितकी उभी, तितका वेग जास्त. तुम्ही ज्याला रखडणं म्हणताय, तिथेच त्याने सगळ्यात जोरात हाणलीय."

दिरांचा चेहरा पडला. मला इतकं बरं वाटलं की विचारू नका.

ते बोटाने रेघ चाचपत राहिले. बोट चढावरच्या आडव्या भागाशी अडलं.

"मग ही आडवी? मला वाटलं, इथे गडी एका वेगाने नीट चाललाय."

बाजाराच्या वाटेवरची ती रेघ मी तेव्हा कुठे नीट पाहिली. चांगली बोटभर लांब होती. भाऊ स्वतःच्या बुटांकडे बघत होता. "हो, एका वेगाने," एवढं म्हटलं असतं तरी दिरांनी मान डोलावली असती. पण नेमकी हीच चूक मी वर्षभर लाल शाईने खोडत असते. ते शब्द माझ्या तोंडातून निघेनात.

"थांबला होता," मी म्हणाले.

"डोळा लागला होता गं, ताई," भाऊ पुटपुटला.

खोटारडा! आणि वर शपथ घेऊन.

दिरांनी आलेख भिंतीवरून काढला, नीट घडी घातली.

"आता कळलं बघ," ते म्हणाले. "छान शिकवतेस तू."

या घरात मला पहिल्यांदाच एक धड विद्यार्थी मिळाला, आणि माझ्या भावाने टेम्पोची किल्ली टेबलावर ठेवली.