बंडूजींचा बोजारा

उगेमुगे आडनावाचे बंडूजी भूपेंद्रच्या दिवाणखान्यात दुसरा कप चहा पीत होते, आणि ज्या कामासाठी आले होते ते काम चहाच्या प्रत्येक घोटासोबत घशाखाली उतरत चाललं होतं.

"मंग, कसं काय येणं केलं बंडू?" भूपेंद्रनं तिसऱ्यांदा विचारलं. कापसाच्या दोन जिनिंगचा मालक, पण शाळेत एका बाकावर बसलेला दोस्त.

"काई नाई रे. इकडूनच चाल्लो होतो. म्हटलं, तुही तब्येत पाहावं."

"तब्येत तं टनटन हाये."

"बस, मंग झालं," म्हणून बंडूजी उठले आणि चपला घालून बाहेर पडले.

कोपऱ्यावर स्कुटी लावून आकांक्षा आणि रोशनी वाट पाहत होत्या. विद्यापीठाच्या वर्धा उपकेंद्रातल्या त्यांच्या धावपटू पोरी.

"मांगतले का सर?" आकांक्षानं विचारलं.

"चहा चांगला होता," बंडूजी म्हणाले.

रोशनीनं कपाळावर हात मारला.

आता यात हसण्यासारखं काय आहे ते सांगायला हवं. बंडूजी उपकेंद्रात क्रीडा प्रशिक्षक. सत्तावन्न वर्षांचा, काटक्या अंगाचा माणूस. मैदानावर पोरींवर ओरडायला लागला की पलीकडच्या रस्त्यावरची गाय उठून उभी राहायची. पण कुणाकडे काही मागायची वेळ आली की याच्या तोंडाला कुलूप. या वर्षी चौघी पोरींची रिले टीम आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवडली गेली, थेट भुवनेश्वरला. उपकेंद्राच्या इतिहासात पहिल्यांदा. आणि त्याच आठवड्यात विद्यापीठाचं पत्र आलं की या वर्षी रिलेला पैसे नाहीत, उपकेंद्रांनी निधीचे नवे स्रोत शोधावेत. झालं. मागायला ज्याची जीभ वळत नाही त्याच्याच गळ्यात ही घंटा. भूपेंद्रच्या आधी ते पेट्रोल पंपवाल्याकडे जाऊन सरबत आणि एका डॉक्टरांकडे जाऊन ब्लड प्रेशर मोजून आले होते.

हे आजचं नव्हतं. कॉलेजात असताना बंडूजी स्वतः चालण्याच्या शर्यतीसाठी निवडले गेले होते. गाडीभाडं मागायला कारंजाला मामाकडे गेले, दोन दिवस राहिले, मामीच्या हातचं भरपेट जेवले आणि तसेच परत आले. मामा देणारा माणूस होता. नुसतं तोंड उघडलं असतं तर दिलं असतं. स्पर्धा झाली, बंडूजी घरी राहिले. त्याचं दुःख त्यांना अजून होतं, अन् येत्या मार्चात निवृत्ती होती.

"सर, तुमच्यानं हे होत नाई," आकांक्षा म्हणाली. "आपण बोजारा मांगू."

"म्हंजे?"

"तान्हा पोळा आला ना परवा. आजोबाचा मोठा लाकडी बैल हाये समुद्रपूरले. तो घेऊन घरोघरी जाऊ. दारात बैल आला तं बोजाऱ्याचे पैसे दिल्याशिवाय रिकामं कोणी पाठवते का?"

"अवं, लहान लेकराईचा सण तो. तुम्ही एवढ्या मोठ्या..."

"रीतीत वय कुठं लिहिलं हाये सर?"

रोशनी म्हणाली, "आमच्या घरी पोळा नाई होत. पाया-बिया मी पडणार नाई. पण ओढाले मी सगळ्याईच्या पुढं."

"तुले पाया कोण पडाले लावते? तू फक्त पळ," बंडूजी म्हणाले, आणि म्हणून बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण होकार देऊन चुकलो.

आकांक्षाचे आजोबा रूपराव बैलाला स्वतः एसटीनं घेऊन आले. कमरेएवढा सागवानी बैल, खाली चाकं. कंडक्टरनं त्याचं हाफ तिकीट मागितलं म्हणे, आणि रूपरावांनी सांगितलं की हा अजून दुधावर आहे. उपकेंद्राच्या संचालक मॅडमनी शिक्का मारून पावतीपुस्तक दिलं. विद्यापीठानं नवा स्रोत शोधा म्हटलं होतं, आणि असा स्रोत विद्यापीठाच्या बापानंही पाहिला नसेल, असं त्या हसत हसत म्हणाल्या.

तान्ह्या पोळ्याच्या दुपारी वर्ध्याच्या रस्त्यांवर काय धमाल उडाली म्हणता. विद्यापीठाच्या निळ्या जर्सीतल्या चौघी पोरी, पुढं झूल पांघरलेला बैल, मागं गल्लीतली सगळी बारकी पोरं आपापले बैल घेऊन. चाकं अशी करकरत होती की हाक मारायची गरजच पडत नव्हती. एक पोरगी थकली की पळता पळताच दोरी दुसरीच्या हातात द्यायची, रिलेत बॅटन देतात तशी. बंडूजी वीस पावलं मागं, कुणाच्या तरी वरातीत चुकून सापडल्यासारखे.

"एवढ्या घोड्या झाल्या अन् नंदी घेऊन फिरून राह्यल्या?" एका काकूंनी आरतीचं ताट हातात घेऊन विचारलं.

"आमचं उपकेंद्र अजून तान्हं हाये ना काकू," आकांक्षा म्हणाली. काकू हसल्या, बैलाला कुंकू लावलं आणि आत जाऊन पर्स घेऊन आल्या.

रोशनीच्या वस्तीत तिच्या आत्यानं, धुरपताबाईनं, बैलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "हा बोजारा बैलाले नाई, माह्या पोरीच्या पायाले," म्हणत तिनं पदराची गाठ सोडली. तिचं पाहून शेजारच्या चार बाया उठल्या. एका शिंप्यानं चौघींचे ट्रॅकसूट शिवून द्यायचं कबूल केलं. कुणी शेंगदाण्याचे लाडू दिले, प्रवासात खायला. नाही कुणीच म्हटलं नाही.

शेवटी वरात भूपेंद्रच्या फाटकाशी आली. बंडूजी पटकन एका उभ्या टेम्पोच्या आड झाले.

"झडती म्हणा आधी," भूपेंद्र पायरीवर उभा राहून म्हणाला. पोळ्याला बैलापुढं म्हणतात ती यमकांची टोमणेबाजी. ती ऐकल्याशिवाय जुना माणूस बोजारा देत नाही. आकांक्षानं कमरेवर हात ठेवले.

"पळू पळू पोरी आल्या, झिजून गेले जोडे,
विद्यापीठ म्हणते बाई, पैसे हायेत थोडे.
सर आमचे आले तवा चहा पिऊन गेले,
बैल काई चहा पीत नाई, बोजारा द्या त्याले!"

भूपेंद्र पोट धरून हसला. त्यानं दिला तो बोजारा सगळ्या गल्ल्यांच्या बरोबरीचा होता. मग तो टेम्पोकडे पाहून मोठ्यानं म्हणाला, "बंड्या, बाहेर ये. मले त्याच दिवशी माईत होतं. पण तू मांगशीन म्हणून मी वाट पाहून राह्यलो होतो ना. आता दर पोळ्याले बैल पाठवजो."

संध्याकाळी नालवाडीच्या घरी बंडूजी अंगणात पाय धूत गाणं गुणगुणत होते. असे ते बायकोला, आनंदाबाईंना, कित्येक वर्षांत दिसले नव्हते.

"चौघीईचं निघालं वं. जाणं-येणं, राहणं, जोडे, सगळं."

"अन् तुमचं?"

"माहं कायले? दुसऱ्या टीमची मॅनेजर मॅडम हाये ना सोबत. ते पाहीन पोरीईले."

आनंदाबाईंनी पाय पुसायला धोतराचा जुना तुकडा आणून ठेवला. मामाकडची गोष्ट त्यांना लग्नाआधीपासून ठाऊक होती. तेवढ्यात बाहेर चाकं करकरली.

फाटकात बैल उभा होता, मागं चौघी.

"माह्या दारात कायले आणला?" बंडूजी गोंधळले.

"तुमच्या दारात नाई सर. काकूंच्या दारात," आकांक्षा म्हणाली, आणि लगेच झडती सुरू केली:

"चार पोरी गाडीत बसल्या, मास्तर राह्यले घरी,
भुवनेश्वरले आमच्यावर ओरडन कोण तरी?"

आनंदाबाई आत गेल्या. ताट घेऊन आल्या, बैलाला ओवाळलं, आणि ब्लाउज शिवून साठवलेल्या पैशांचा डबा उघडला. आकांक्षानं हात पुढं केला तर त्यांनी मान हलवली.

"ज्याचं तिकीट, दोरी त्यानं धरावी."

"अवं, घरचेच पैसे मले..."

"घरचे नाई. माह्या शिलाईचे हायेत. मांगतल्याशिवाय भेटत नाई."

शेजारच्या कुंपणावर दोन डोकी दिसायला लागली होती. बंडूजींनी ओले पाय धोतराच्या जुन्या तुकड्याला पुसले, फाटकाबाहेर गेले, आकांक्षाच्या हातून दोरी घेतली, आणि बैल ओढत परक्या माणसासारखे स्वतःच्या पायरीशी येऊन उभे राहिले. डोळे भरून आले होते, पण ते लपवायला आता टेम्पो नव्हता. त्यांचा उजवा हात उचलला गेला आणि पोटाशीच अडला.

आनंदाबाई वरच्या पायरीवर होत्या. त्यांनी नोटांची घडी पुढं केली, पण खाली वाकल्या नाहीत.

"अजून पुढं करा," त्या म्हणाल्या. "तिथवर माहा हात नाई पुरत."

बंडूजींनी हात पुढं केला.