बोया बांधलेली किल्ली

अकबर तांडेलना मोटार चालवता येत नव्हती, पण मोटारीची किल्ली मात्र त्यांच्याच खिशात असायची. गाडी धाकट्या भावाची. कुवेतला परत जाताना तो ती मिरकरवाड्यात भावाच्या दारात ठेवून गेला. अकबरनी पहिलं काम केलं ते हे, की किल्लीला जाळ्याच्या बोयाचा एक तुकडा बांधला, पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून. दारापासून गाडीपर्यंत पाणी कुठे आहे, असं विचारायची कोणाची छाती नव्हती. तीस वर्षं तांडेल म्हणून ट्रॉलर हाकलेल्या माणसाला असले प्रश्न कोणी विचारत नाही.

ती किल्ली त्यांच्या मुलीला, महरीनला हवी होती. पोरगी बावीस वर्षांची, औषधांचा डिप्लोमा झालेली. पावस गावातल्या एका मेडिकलात तिला नोकरी लागली होती आणि येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. दुकान बंद होणार रात्री नऊला आणि त्या वेळी मिरकरवाड्याकडे यायला एसटी नाही. गाडी घेऊन जाईन, म्हणाली महरीन. लायसन तिच्याकडे चार महिन्यांपासून होतं.

“लायसन कागद हाय,” अब्बा म्हणाले. “मी नवा खलाशी कागद बघून घेत नाय. मला दिसूदे तुझा हात. नायतर नोकरी सोड.”

आता हात दिसायचा कधी? अब्बा वर्षातले दहा महिने पाण्यावर. पण जूनचा पहिला आठवडा होता, पावसाळी बंदी लागली होती, बोटी जेटीला गप्प बांधलेल्या. त्यात अम्मीने जुनंच टुमणं लावलं, की आयुष्यात चार वेळा कोल्हापूरला गेले, चारही वेळा इस्पितळात. एकदा तरी नुसतं फिरायला न्या. महरीनने संधी साधली. म्हणाली, मी नेते. चालवणार मीच, जाताना आणि येताना.

अब्बांनी अट घातली. हातखंब्यापर्यंत गाडी एकदा जरी बंद पडली, तर पुढे विनोद चालवणार. विनोद म्हणजे हातखंब्याचा टायरवाला. गाडी कुठे न्यायची असली की अब्बा त्यालाच ड्रायव्हर म्हणून बोलवत. त्याला निरोपसुद्धा गेला, बॅग भरून तयार रहा.

सकाळी साडेसहाला अब्बांनी खिशातून किल्ली काढली, तळहातावर दोनदा उडवली आणि महरीनच्या हातात दिली. “कोल्हापूरला पोचलो की परत,” म्हणाले.

महरीनने क्लच सोडला तो जीव मुठीत धरून. मारुती मंदिराच्या चौकात मधेच एक गाय उभी राहिली. अब्बांचा उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला. मागे अम्मी ओठातल्या ओठात दुआ म्हणत होती, मोठ्या चढावर तिचा आवाज तेवढा वाढायचा. पण गाडी बंद पडली नाही. एकदाही नाही.

हातखंब्याच्या तिठ्यावर विनोद उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, हातात बॅग. पोरीवर कोणाचा किती विश्वास होता, ते त्या बॅगेकडे बघून कळत होतं. महरीनने गाडी बाजूला घेतली, पण इंजिन चालू ठेवलं आणि समोर बघत बसली. अब्बांनी काच खाली केली.

“पडली बंद?” विनोदने विचारलं, आणि मागच्या दाराला हातही घातला.

अब्बांचं तोंड कडू झालं, पण बोललेला शब्द फिरवणारा माणूस नव्हता तो. “नाय पडली,” ते म्हणाले. “जा तू घरी.”

पाली गेलं, नाणीज गेलं, साखरपा मागे पडला. महरीनच्या खांद्यांतला ताठा जरा उतरला. अम्मीने डब्यातली घावनं काढली, गुंडाळी करून एक पुढे दिली आणि रंकाळ्यावर फिरताना बरोबर आणलेला नवा दुपट्टा अंगावर घेणार तेही सांगून टाकलं. मग आंबा घाट लागला आणि चौथ्या-पाचव्या वळणावर धुकं अंगावर आलं. आधी झाडं गेली, मग समोरच्या ट्रकचे दिवे गेले.

झालं. अब्बांच्या आतला तांडेल जागा झाला. “डावीकडे दाब. अगो डावीकडे. आता हळू. हॉर्न दे. हॉर्न कशाला देतेस एवढा?” मागून अम्मी, “ट्रक हाय, ट्रक हाय,” आणि ट्रक तर कुठेच नव्हता. अशा गोंधळात पुढचं वळण घेतलं तर नोकरी राहू दे, आपणच राहणार नाही, हे तिला स्वच्छ कळलं. रस्ता रुंद होता तिथे तिने गाडी कडेला घेतली, चारी दिवे लुकलुकते ठेवले आणि हँडब्रेक ओढला.

“अब्बा,” ती म्हणाली, “तुमच्या बोटीवर सुकाणू धरलेल्याच्या मागे उभा राहून कोणी बडबड केली तर काय करता?”

अब्बांनी काय केलं होतं ते अख्ख्या मिरकरवाड्याला ठाऊक होतं. अशा एका खलाशाला त्यांनी जयगडला उतरवून दिलं होतं आणि तो एसटीने घरी आला होता.

“इथे उतरवलंस तर एसटी पण मिळायची नाय,” ते म्हणाले. मागे अम्मीला हसू आलं, ते तिने दुपट्ट्यात दाबलं.

“उतरवत नाय. काम देते. तुमच्या बाजूला रस्त्याची पांढरी पट्टी हाय. ती दिसते का, तेवढंच सांगा. दुसरं काय नको. आणि अम्मी, तू मनातल्या मनात.”

एवढ्या वर्षांत अब्बांना कोणी असं काम नेमून दिलं नव्हतं. महरीनला वाटलं, आता भडकणार. पण अब्बांनी काच पूर्ण खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि धुक्यात डोळे रोखले. “पट्टी हाय,” ते म्हणाले. महरीनने हँडब्रेक सोडला.

“पट्टी हाय... हाय... हाय... गेली.” ती थांबली. “दिसली. हाय.” सगळा घाट असाच गेला. एका चढावर पुढचा टेंपो अचानक थांबला, मागे बस आली आणि भोंगा वाजवायला लागली. गाडी वीतभर मागे सरकली. अब्बांनी दात आवळले, पण तोंडातून शब्द काढला नाही. महरीनने क्लच अर्धा उचलला, इंजिनाची थरथर पायाला लागू दिली आणि गाडी वर काढली. आंब्याला पोचेपर्यंत अब्बांचे केस धुक्याने भिजून चप्प झाले होते.

वर स्वच्छ ऊन होतं. अब्बांनी काच लावली आणि गप्प बसले. बराच वेळ झाला तरी काही बोलेनात. महरीनच्या मनात पाल चुकचुकली. बापाला गप्प बसवलं म्हणजे पावसची नोकरी गेली म्हणायची. मलकापूर आलं तशी ती चहाची टपरी शोधू लागली, तेवढ्यात अम्मीने मागून तिच्या खांद्याला हात लावला.

“थांबू नको,” अम्मी कुजबुजली. “झोपले ते.”

महरीनने तिरकं पाहिलं. अब्बांची मान छातीवर पडली होती, तोंड उघडं होतं. हा माणूस एसटीतसुद्धा ड्रायव्हरवर नजर ठेवून बसायचा. बोटीवर दुसऱ्याच्या हाती सुकाणू दिलं, तरी उघड्या डोळ्यांनी पडून असायचा. महरीनला एकदम भरून आलं. रस्ता धूसर दिसायला लागला, तसे तिने डोळे मनगटाने पुसले.

आणि अब्बांना जाग कशाने येते, हेही तिला माहीत होतं. इंजिन थांबलं की ते ताडकन उठतात. मग तिने ठरवलं, इंजिन थांबू द्यायचं नाही. चहा राहिला. अम्मीनेही चहाचं नाव काढलं नाही. कोल्हापुरात शिरताना तीन सिग्नल लागले, एक वरात आडवी आली. महरीनने गाडी हळुवार उभी केली आणि हळुवार उचलली. सकाळी गाडी बंद पडू नये म्हणून ती विनोदच्या धाकाने जपत होती. आता तो धाक राहिला नव्हता.

रंकाळा आला. तिने एक फेरी मारली, मग दुसरी, मग कठड्याजवळ सावलीत गाडी लावली आणि इंजिन तसंच चालू ठेवलं. अम्मी नवा दुपट्टा मांडीवर घेऊन पाण्याकडे बघत बसली. पेट्रोल जळतंय, असं एरवी ती दहादा म्हणाली असती.

अब्बा आपणहून उठले. आधी कान देऊन ऐकलं, मग तळं पाहिलं.

“पोचलो कधी?”

“अर्धा तास झाला.”

“मी झोपलो नव्हतो.”

“घोरत होतात,” अम्मी म्हणाली.

महरीनने इंजिन बंद केलं आणि ठरल्याप्रमाणे किल्ली पुढे धरली. अब्बांचा हात सवयीने आला. बोयावरून अंगठा फिरला आणि हात मागे गेला.

“माझ्या खिशात राहून काय करायचीय ती,” ते दार उघडत म्हणाले. “मला कुठे चालवता येते.”

खाली उतरून त्यांनी पाठ सरळ केली, अम्मीसाठी मागचं दार उघडलं आणि दोन पावलं जाऊन पुन्हा वळले.

“बोया तेवढा काढू नको,” म्हणाले. “पावसला समुद्र हाय.”