हुकाला काय लटकत होतं

पाहिलं होतं क्रेनवालीने, आणि भांडत होते दोघे विद्वान. साक्ष द्यायला बोलावलेली ती, त्यांचे प्रश्न संपल्यापासून तासभर मूग गिळून गप्प बसली होती.

भर सकाळी अकरा वाजता, बांधकामावरच्या क्रेनच्या केबिनमधून, तिला पाण्याच्या टाकीच्या वर, हवेत एक राखाडी, बिनपंखांची वस्तू दिसली होती. चार मिनिटं ती तिथेच स्थिर होती. आवाज नाही, धूर नाही. मग दिसेनाशी झाली. तिने एवढंच कंपनीत कळवलं आणि कंपनीने तिला आकाशातल्या अनोळखी वस्तूंच्या या अभ्यास मंडळाकडे धाडलं.

दाढीवाले संशोधक म्हणत होते, परग्रहावरचंच यान. चष्मेवाल्या बाई म्हणत होत्या, यान कसलं, मनाचे खेळ. उंचावरचा एकटेपणा, त्यात वर्षापूर्वी वडील गेलेले. दाढीवाले म्हणाले, मग दुसऱ्या मितीतून आलं असेल. बाई म्हणाल्या, पुरावा दाखवा. या वादावादीत तिचे बिचारे वडील तीनदा मरून झाले.

शेवटी बाईंनी फॉर्मवरच्या ‘भास’ या रकान्यावर पेन टेकवलं आणि क्रेनवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा कागद उद्या कंपनीच्या डॉक्टरकडे जाणार होता. भास होणाऱ्या बाईच्या हातात क्रेन कोण देईल? बावीस वर्षांच्या कामावर एका खुणेने पाणी फिरणार होतं.

“थांबा! माझी झोप विचारलीत, वडील विचारलेत, लहानपणी भुताला घाबरायचे का तेही विचारलंत. हुकाला काय लटकत होतं, ते विचारलंत?”

दोघांनी फॉर्म उलटून पाहिला.

“दोन टन लोखंड. खाली तीन फिटर. ते वरचं दिसलं तसा मी ब्रेक लावला, भोंगा वाजवला, तिघांना बाजूला काढलं. नंतर लोखंड खुणेवर उतरवलं, बोटभरही चुकलं नाही. मुकादमाच्या वहीत वेळेसकट लिहिलंय. भास झालेल्या बाईला हे जमतं?”

“मग ते काय होतं, तुमच्या मते?” दाढीवाल्यांनी आशेने विचारलं.

“माहीत नाही! किती वेळा सांगू?”

“तसा रकाना नाहीये हो,” बाई पुटपुटल्या.

तिने त्यांच्या हातातलं पेन घेतलं, ‘यान’ आणि ‘भास’ यांच्या खाली नवा चौकोन काढला, पुढे ‘माहीत नाही’ लिहिलं, खूण केली, सही ठोकली. कागद दोघांपुढे सरकवला.

“आता तुम्ही करा सही. तुम्हाला तरी कुठे माहितीये?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. क्रेनवाली हाताची घडी घालून बसली. सह्या झाल्याशिवाय ती उठणार नव्हती.