मोरीचा पिवळा दगड

ट्यूब शेपटाकडून गुंडाळत आणलेली होती, टूथपेस्ट संपत आली की काटकसरी माणूस गुंडाळतो तशी, आणि साबणाच्या मागं अशी सरकवलेली की सहज नजर पडू नये. नानासोंच्या हाताला ती लागली ती लेपाची वाटी मोरीतल्या फळीवर ठेवताना. चष्मा बाहेर राहिलेला. हात लांब करून त्यांनी जमेल तेवढं वाचलं... चेहरा धुण्यासाठी... तेलकट त्वचा... सौम्य... किंमत एकशे चाळीस. टोपण काढून वास घेतला. वासच नव्हता. या घरात अंथरुणापासून भिंतीपर्यंत सगळ्याला हळदीचा वास, मग ही बिनवासाची वस्तू आली कुठून, एवढंच आधी त्यांच्या मनात आलं.

मग खाली नजर गेली. मोरीचा दगड पिवळा होता.

आजचा नव्हे, जुना, मुरलेला पिवळा. पाणी वाहून जातं त्या भोकाकडं रंग दाट होत गेलेला आणि भोकाच्या कडेला तर पार केशरी. एकतीस वर्षं सांगलीच्या बाजारात अडत केलेला हा माणूस, हळकुंड मोडून कुठल्या गावचा माल ते सांगणारा, आपल्याच घरातल्या दगडापुढं वाटी धरून उभा राहिला — आणि त्याला कळलं. लेप पोरीच्या तोंडाला नव्हे, या भोकात जात होता. कळायला काय लागतं? रोज आंघोळ याच दगडावर बसून केली, बघितलं मात्र आज.

रविवारचा लेप हा त्यांचा नेम होता. मार्केट बंद, म्हणून सकाळी निवांत स्वतः चाळलेली राजापुरी हळद, वर घट्ट साय, चार थेंब लिंबू. प्रियदर्शनी बारावीत गेली आणि तिच्या कपाळावर, गालांवर, हनुवटीवर मुरमं उठली तेव्हापासून दोन वर्षं एकही रविवार चुकला नव्हता. पोरगी वाटी घेऊन आत जायची, कडी लावायची, अर्ध्या तासानं वाटी लख्ख होऊन बाहेर यायची. पहिल्या वर्षी सोमवारी कॉलेजला जाताना तिच्या कानामागं, केसांच्या कडेला पिवळं दिसायचं. ते कधी दिसेनासं झालं? दिवाळीत? दिवाळीनंतर? चेहरा निवळत चालला एवढंच दिसलं, आणि त्यांनी काय केलं, तर दुकानात गादीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, आपल्या मालाचा गुण हाय बघा, पोरीचं तोंड बघा.

तोंड. ते तरी कुठं बघू देत होती ती. गाडीवर सगळ्याच पोरी स्कार्फ गुंडाळतात, पण ही उंबऱ्याच्या आतही सोडायची नाही. जेवताना ट्यूबलाइटकडं पाठ करून बसायची. नानासोंच्या बापाच्या काळी बाजारात भाव रुमालाखाली ठरायचा, बोलायचं काही नाही, बोटांनी बोटांना सांगायचं. तसंच या घरात चाललेलं, सगळा व्यवहार कापडाखाली, आणि त्यातलं आपल्याला काडीचं कळत नव्हतं...

नाही, एकदा ती बोलली होती. स्पष्ट बोलली होती. दाराच्या आतून म्हणाली होती, पप्पा, जळतंय. आणि मी — मी काय म्हणालो? जळतंय म्हणजे काम करतंय. असंच म्हणालो. हसलोही असेन. त्यानंतर ती कधी काही बोलली नाही.

नानासोंनी ट्यूब होती तशी, होती तिथं ठेवली. वाटी मात्र हातातच राहिली.

बाहेर बायको पोह्यांना फोडणी देत होती. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "ती तोंडाला काय लावती, तुला ठाऊक हाय?"

बायकोनं वर बघितलंही नाही. "तुमी सोडून सगळ्यांस्नी ठाऊक हाय. किती आवडीनं करता, म्हणून पोरगी गप बसली."

राग यायला हवा होता. घरात बसून सगळ्यांनी वेड्यात काढलं की! पण शोधूनही राग सापडेना. चोरी झाली म्हणून तिजोरी उघडावी आणि आतला ऐवज जिथल्या तिथं असावा, तसं काहीतरी झालं होतं. छाती मोकळी वाटत होती आणि त्याचीच लाज वाटत होती. ते वाटी मांडीजवळ घेऊन खुर्चीत बसले.

तेवढ्यात फोन वाजला. लोणंदहून थोरली बहीण, सुलाबाई. गेल्या आठवड्यात बारशाला तिनं प्रियदर्शनीला बघितलं होतं.

"नाना, तुझ्या हळदीनं पोरगी कशी निवळली रं," सुलाबाई म्हणाली. "आमच्या नातीचं, शिवांजलीचं, तोंड मुरमांनी लय भरलंय. शाळंला जाईना झालीया. तू चाळतोस ती हळद दे थोडी पाठवून. आन् लेप कसा करायचा ते सांग."

नानासोंनी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात प्रियदर्शनी कधी येऊन उभी राहिली होती, कोण जाणे. ओले केस, पंचा खांद्यावर. तिनं सगळं ऐकलं होतं. ती बापाकडं बघत नव्हती, त्याच्या मांडीजवळच्या वाटीकडं बघत होती. पाठवतो म्हणायला काय जात होतं? उद्या लोणंदला जाणाऱ्या गाडीत पुडी दिली की काम झालं, बाजारातला शब्द राहिला, बहिणीपुढं मान राहिली. आणि मग लोणंदच्या कुठल्याशा मोरीत कडी लावून एक पोरगी म्हणेल, जळतंय.

"आक्का," ते म्हणाले, "हळदीनं न्हाई झालं ते."

"मग रं?"

"मला न्हाई ठाऊक. माझ्या लेपानं उलट वाढलं असंल. थांब, प्रियू सांगंल."

फोन पुढं केला. प्रियदर्शनीनं तो लगेच घेतला नाही. घेतला तेव्हा आवाज आधी बारीक होता, मग सुटत गेला. सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरीणबाई आहेत, आत्या, तिला तिकडं दाखवा. मी एकटीच गेले होते. त्यांनी सगळं बंदच करायला लावलं. साधं, बिनवासाचं फेसवॉश, सकाळी आणि रात्री, दोनदाच. घासायचं नाही, फोडायचं नाही. तोंड तेलकट असलं तरी वर हलकं क्रीम, नाहीतर कातडी ओढते. रात्री त्यांनी दिलेलं औषध, ते मात्र विचारून. "एवढंच?" असं पलीकडून आलं असावं, कारण ती म्हणाली, "एवढंच. पण तीन महिने दम धरायचा. मला तर दुसऱ्या महिन्यात रडू आलेलं." मग जरा थांबून, "आणि लेप..." म्हणाली आणि अडखळली.

"सांग की," नानासो म्हणाले. "लावू नको म्हणावं."

दुसऱ्या महिन्यात म्हणजे संक्रांतीच्या सुमारास. आपण तेव्हा काय करत होतो? साय जमवत होतो.

फोन ठेवून ती जवळ आली आणि सवयीनं वाटीला हात घातला. "द्या पप्पा. केलाय तर लावते आज."

"राहू दे," त्यांनी वाटी सोडली नाही.

"आणा इकडं," बायको आतून म्हणाली. "माझ्या टाचा फुटल्यात."

प्रियदर्शनी हसली. पोह्यांची बशी घेऊन ती खिडकीजवळ बसली, उजेडात, आणि नानासोंनी किती तरी दिवसांनी तिच्याकडं नीट बघितलं. कपाळ स्वच्छ होतं. गालांवर जुने तांबूस डाग होते, हनुवटीवर एक ताजं मुरूम. कुठंच पिवळं नव्हतं. माफी मागावी असं आतून आलं, शब्द जुळवले, आणि तोंडातून निघालं, "लिंबू पिळ की त्यावर." लिंबू म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच ओशाळं झालं. पुढं काही जळालं तर ही पोरगी आपल्याला सांगेल का, ते त्यांना कळत नव्हतं, आणि विचारायचा धीरही होत नव्हता. पण ते बघत राहिले, आणि तिनं मान फिरवली नाही.