फ्रीजवरच्या डब्यातली अर्धी स्ट्रिप

मित्रांनो, माझ्यात आता दोनच गोळ्या उरल्यात. मी अँटिबायोटिकची जुनी स्ट्रिप. ठाकुर्लीच्या हेमाताईंच्या फ्रीजवर, बिस्किटांच्या डब्यात राहते.

कारखान्यातून निघाले तेव्हा चकचकीत होते. वाटलेलं, न्यूमोनियाच्या जंतूंशी दोन हात करू, माणसं वाचवू. मेडिकलवाल्याने चिठ्ठी न विचारताच मला हेमाताईंच्या हातात ठेवलं. घरात कौतुक पण झालं. साधी सर्दी झाली तरी डबा उघडायचा. सर्दीवर माझं काही चालत नाही, पण मला कोण विचारतंय?

हेमाताईंचे सासरे त्र्यंबकराव, ठाण्याच्या कोर्टातून रिटायर झालेले. घसा खवखवला की हात पुढे.

"सूनबाई, तुझं डॉक्टरकीचं सर्टिफिकेट कुठंय गं?"

"घ्या बाबा, एकच. जास्त झाली की गरम पडते. बरं वाटलं की बंद."

मुलगा साकेत म्हणायचा, "आई, असं अर्धवट नसतं घ्यायचं."

"तू मोबाईलवरचा डॉक्टर, गप बस."

माझ्या आधीच्या स्ट्रिपांचं पण हेच झालेलं. त्र्यंबकरावांच्या घशातले जंतू दर वेळी आमची थोडी थोडी चव घ्यायचे. कच्चे मेले. चिवट उरले, तेच वाढले.

यंदा त्र्यंबकरावांना खरंच न्यूमोनिया झाला. ताप, छातीत कळ, धाप. हेमाताईंनी आधी मलाच काढलं. मी जीव तोडून लढले. जंतू ढिम्म. ओठ निळे पडले तेव्हा कुठे साकेतने रिक्षा आणली. डॉक्टरांना दाखवायला मला खिशात टाकलं.

डॉक्टर निशिगंधा रिपोर्ट बघत म्हणाल्या, "ह्या जंतूंवर ही गोळी चालत नाही. हिच्या जातीच्या दुसऱ्या पण नाही. आधी कितीदा दिलेली?"

"कधीतरी. पण आम्ही कमीच देतो हो मॅडम," हेमाताई जरा अभिमानानेच म्हणाल्या.

डॉक्टरांनी भारीतली इंजेक्शनं लावली, पण उशीर झालेला. त्र्यंबकराव घरी आले नाहीत.

भेटायला आलेले म्हणाले, "वय झालेलं हो." हेमाताईंनी मान डोलावली. साकेत भिंतीकडे बघत बसलेला. माझं नाव कुणीच काढलं नाही.

साकेतचा शर्ट धुवायला टाकताना मी हेमाताईंच्या हाताला लागले. त्यांनी मला पदराने पुसलं, परत डब्यात ठेवलं. फुकट कशाला घालवायची?

मित्रांनो, डॉक्टर सांगतील तरच मला घरी आणा. सांगतील तेवढी पूर्ण घ्या. पुढच्यासाठी उरवू नका. ह्या बाईने मला फार जपलं.