न्यायाधीशांच्या कोटाचं दुसरं बटण

दुसऱ्या बटणावर माझे दात आहेत. थट्टा नाही, खरंच माझे. दात येत होते तेव्हा मी आईच्या कडेवर बसून तिच्या कोटाचं वरून दुसरं बटण चावायचे, आणि आई सगळ्यांना सांगायची, "ही बया एक दिवस मला बटणासकट खाणार." काळं, शिंगाचं, जाडजूड बटण. त्याच्या कडेला शेजारीशेजारी दोन खळगे पडले ते कायमचे.

तेच बटण त्या सोमवारी मला एका न्यायाधीशाच्या कोटावर दिसलं.

मी संग्रहालयाच्या वस्त्रविभागात रफूचं काम करते. एकतीस वर्षं झाली. जुने कोट, टोप्या, हातमोजे, छत्र्या, मेलेल्या बड्या माणसांनी अंगावर घातलेलं काय वाट्टेल ते माझ्या टेबलावर येतं. मनगट मोडल्यामुळे दोन महिने घरी होते आणि त्याच दिवशी परत आले होते. नव्या प्रदर्शनाची धावपळ चालली होती. न्यायाधीशांचा कोट पुतळ्यावर चढवून ठेवलेला. रजेवर जाण्यापूर्वी मीच त्याच्या तपासणीच्या कागदावर लिहिलं होतं, 'आठपैकी पाच बटणं नाहीत.' आणि आता बघते तर आठच्या आठ! खाली पाटी, 'सर्व मूळ बटणांसह.'

म्हटलं, वा, पाच बटणं रजेवर गेली होती वाटतं माझ्यासारखी. हसत हसतच जवळ गेले. दुसऱ्या बटणावर अंगठा फिरवला आणि तो कडेच्या दोन खळग्यांवर अडकला.

पुढची कड हलकेच उलटून आतून बघितलं. आमच्याकडे एक नियम आहे. दुरुस्तीचा दोरा मूळ दोऱ्यापेक्षा एक छटा फिका घ्यायचा, म्हणजे उद्या कोणी जवळून पाहिलं तर जुनं कोणतं आणि आपण लावलेलं कोणतं ते कळावं. इथे दोरा काळाकुळकुळीत, मुळाला हुबेहूब जुळणारा. आणि दोऱ्याचं टोक गाठीखाली न दडवता बाहेर सोडलेलं. असं टोक सोडणारी अख्ख्या इमारतीत एकच बाई आहे. मी तिला पंचवीस वेळा टोकलं असेल त्यावरून.

टाचणी. आमच्या विभागाची प्रमुख. बाकी सगळे तिला मॅडम म्हणतात. आम्ही दोघी एकाच दिवशी कामाला लागलो, एका टेबलावर शिकलो, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं. अंगानं काडी आणि तोंडात सतत टाचण्या धरायची सवय, म्हणून मी नाव ठेवलं टाचणी. ती परीक्षा देत देत वर गेली, मी टेबलावर राहिले. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, एकदोनदा वाटलं.

आता आईच्या कोटाचं सांगते. आई एका मोठ्या हॉटेलात लिफ्ट चालवायची, सत्तावीस वर्षं. गडद हिरवा, गुडघ्यापर्यंत येणारा कोट, सहा बटणांचा. त्या काळी हॉटेलचे गणवेश आणि साहेबलोकांचे कोट एकच शिंपी शिवायचा, बटणंही एकाच पेटीतली. आई गेली तेव्हा कोट माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी होता, कारण शेवटची दोन वर्षं आई तिच्याकडेच होती. तिला तो ठेवायचा होता. मी म्हटलं, "तू काय करणार? बाजारात घालून मिरवणार आणि मग त्याला कसर लागणार. संग्रहालयात दे. तिथे तीनशे वर्षं टिकेल." ती ऐकेना. मग मी म्हटलं, "आईचीच इच्छा होती, मला बोलली होती."

आई तसं काहीही बोलली नव्हती.

धाकटीनं कोट घडी करून हातात दिला आणि दार लावून घेतलं. तीन वर्षं झाली त्याला. सणसमारंभाला, आजारपणात, कशातच आमचं बोलणं नाही. माझं मनगट मोडलं तरी फोन आला नाही. मी मनाला समजवायची, कोट तर सुरक्षित आहे ना. टाचणीनं स्वतः तो हातात घेतला होता, मला मिठी मारली होती आणि कोटाचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर लिहून दिला होता. तो मला पाठ आहे. आपण दिलेल्या घरच्या वस्तूला आपण हात लावायचा नाही, असा आमच्याकडे दंडक आहे, म्हणून मी तीन वर्षांत एकदाही कपाट उघडलं नाही. नियम पाळत बसले मूर्खासारखी!

त्या सोमवारी प्रथमच नोंदवही काढली. क्रमांक सापडला. 'छत्री, रेशमी, दांडी मोडकी.'

मी वहीसकट तिच्या खोलीत गेले. दार ठोठावलं नाही.

"अगं, ये ये! मनगट कसं आहे?" टाचणी म्हणाली.

"माझी आई छत्री कधीपासून झाली गं?"

तिनं वहीकडे पाहिलं. तोंडातल्या टाचण्या एकेक काढून टेबलावरच्या टाचण्यांच्या गादीत खोचल्या. मग म्हणाली, "बस आधी."

"बसत नाही. कोट कुठे आहे?"

"समितीनं नको म्हटलं. त्याच महिन्यात. म्हणाले, लिफ्टवालीच्या कोटात काय बघायचं. मी भांडले गं, शपथ. पण तू इतकी खुशीत होतीस... तुला वाईट वाटेल म्हणून नाही बोलले."

"आणि तो क्रमांक?"

"समोर वही होती. उघडलेल्या पानावरचा लिहिला."

"मग मला कोट परत का नाही दिलास?"

खिडकीकडे बघत म्हणाली, "न्यायाधीशांचा नातू उद्घाटनाला येणार आहे. त्यांच्या घराण्याचे सगळे कपडे तो आपल्याला देतोय. कोट उघडाबोडका कसा उभा करू? तीच बटणं, त्याच शिंप्याची. आणि तो कोट तर नाहीतरी कुठेच नोंदलेला नव्हता..."

"आईच्या अंगावरून काढलीस तू ती," मी म्हटलं. आवाज चढला होता. बाहेर सगळ्यांनी ऐकलं असणार, ऐकू देत. "केसानं गळा कापलास माझा. एकतीस वर्षं तुझी ती टोकं मी लपवत आले, वरच्यांनी बघू नयेत म्हणून!"

"हळू बोल ना."

"बटणं काढून दे."

"आता नाही काढता येणार," ती म्हणाली, आणि हे मात्र तिनं मॅडमच्या आवाजात सांगितलं. "ती आता त्या कोटाच्या क्रमांकाखाली आहेत. संग्रहालयाची मालमत्ता. तू हात लावलास तर ती चोरी होईल."

बघा म्हणजे! आईचा कोट कोणाचाच नाही, आणि आईची बटणं सरकारजमा.

मी टेबलावर गेले. न्यायाधीशांच्या कोटाच्या तपासणीचा कागद घेतला आणि सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिलं, 'पाच बटणं दुसऱ्या कोटाची. तो कोट हॉटेलात लिफ्ट चालवणाऱ्या बाईचा. वरून दुसऱ्या बटणावर तिच्या मोठ्या मुलीच्या दातांच्या दोन खुणा.' खाली सही केली.

टाचणी मागोमाग आलीच होती. तिनं वाचलं. "हे खोडून टाक."

"तू खोड," मी म्हटलं. "सोपं आहे."

आमच्या दालनात पेन नेत नाहीत, कपड्यावर शाई सांडेल म्हणून. सगळं पेन्सिलनं लिहायचं. मी बघत उभी राहिले. तिनं टेबलावरचं रबर उचललं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि खोडलं. सही राहू दिली फक्त.

कोट शाळेच्या पेटीत सापडला. शाळेची मुलं येतात तेव्हा त्यांना अंगावर घालून बघायला म्हणून एक पेटी आहे. कागदी मुकुट, खोट्या दाढ्या, फाटके झगे. त्यात तळाशी चुरगळून पडला होता. बाहीला चिकट काहीतरी लागलेलं, अस्तर काखेत उसवलेलं. सगळ्यात खालचं एक बटण तेवढं राहिलं होतं, दोऱ्याला लोंबकळत. न्यायाधीशांना पाचच लागली ना.

मी तो पिशवीत घातला आणि सगळ्यांच्या देखत बाहेर पडले. दारावरच्या पहारेकऱ्यानं पावती मागितली. मी म्हटलं, "नोंदच नाही तर पावती कसली?" त्यानं जाऊ दिलं.

धाकटीच्या घरी चार जिने चढून गेले. वाटेत वाक्यं जुळवत होते. टाचणीनं कसं फसवलं, छत्री, समिती, सगळं. वाटत होतं, ऐकून धाकटी चिडेल, तिला शिव्या देईल, आणि मग आम्ही दोघी मिळून चिडू. तीन वर्षांनी तेवढं तरी एकत्र करू.

तिनं दार उघडलं. हात पिठाचे होते. मी पिशवी पुढे केली आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं, श्वास न घेता. तिनं ऐकता ऐकता हात पुसले, कोट बाहेर काढला, नाकाशी धरला. मग रिकाम्या जागांवरून बोट फिरवत गेली. दुसऱ्या जागेवर थांबली.

"तिनं तुला फसवलं ते कळलं," ती म्हणाली. "आणि मला कोणी?"

मला वाटलं होतं ते वाक्य मला कधी बोलावं लागणार नाही. बोलले. "आई तसं काही म्हणाली नव्हती."

"ठाऊक आहे. जायच्या आदल्या आठवड्यात तिनं तो माझ्या खांद्यावर घातला होता. तुझा आता, म्हणाली."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? का दिलास?"

"तू म्हणालीस, तीनशे वर्षं टिकेल." तिनं चिकट बाहीवर नख घासलं. "म्हटलं, ताईला त्यातलं कळतं. माझ्याकडे टिकला नसता."

तिनं कोट अंगात घातला. लांबीला तिला बरोब्बर बसला. खाली वाकून ते एकच बटण तिनं काजात घालायचा प्रयत्न केला, तर ते दोऱ्यासकट हातात यायच्या बेतात. माझा हात आपोआप पर्समधल्या सुईदोऱ्याकडे गेला.

"थांब, पक्कं करून देते. दोन मिनिटं."

"नको," धाकटी म्हणाली आणि बटण मुठीत धरून एक पाऊल मागे सरली. "मी लावीन. तू हात लावू नकोस त्याला."